मुक्ताबाई हिवराळे आणि भंगारात न गेलेलं मशीन

औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या एका दुकानाच्या ओट्यावर मुक्ताबाई हिवराळे यांचं टेबल आहे. लोखंडी स्टँड, त्यावर कॉम्प्युटर, खाली प्रिंटर, आणि गिऱ्हाइकासाठी प्लास्टिकचं एक स्टूल, ज्याचा एक पाय तारेनं आवळलेला. वर पाटी आहे, ‘मराठी अर्ज टाइप करून मिळतील.’ तत्पर सेवा, वाजवी दर, असलं काही नाही. कुणी म्हणालंच की बाई, पाटी जरा सजवा, तर त्या म्हणतात, “मिळतील म्हणलंय ना? मग मिळतील. अजून काय गाणं म्हणू?”

बाई नववीपर्यंत शिकलेल्या. बाकीचं शिक्षण ह्या ओट्यावर झालं. चोवीस वर्षं झाली. पहिली दहा टाइपरायटरवर गेली, पुढची कॉम्प्युटरवर. टायपिंग क्लासात मास्तरांनी कळांवर फडकं टाकून शिकवलं होतं. खाली बघायचं नाही, आणि पान संपेपर्यंत मागचं वाचायचंही नाही. बघितलं की बोटांवर पट्टी बसायची. त्यामुळं बाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत टाइप करतात, आणि समोरचा खोटं बोलायला लागला की बोटं आपोआप थांबतात.

त्यांची एक रीत आहे. अर्ज टाइप झाला, पैसे दिले, संपलं, असं त्यांच्याकडं नसतं. “अर्ज आत द्या, पोच घ्या, आणि ती मला दाखवायला या,” असं त्या प्रत्येकाला बजावतात. माणूस शिक्का मारलेली पोच घेऊन आला की बाई त्याची फाइल उघडतात आणि अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात आवक क्रमांक आणि तारीख टाकून ठेवतात. ह्याचे पैसे घेत नाहीत. कार्यालयाला विसरायचा रोग असतो, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. गरिबाचा कागद तर हमखास हरवतो. श्रीमंताचा कधी हरवलेला ऐकलाय कुणी?

तर असे अडीच हजारांवर अर्ज त्या मशीनच्या पोटात होते. आणि ऑक्टोबरात राजकुमार आला नि म्हणाला, मशीन भंगारात द्या.

राजकुमारचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याच गल्लीत आहे. बाईंचं मशीन सुरुवातीपासून तोच बघायचा.

“संपलं मावशी हे,” तो म्हणाला. “दहा नंबरचं विंडोज कंपनीनं बंद केलं. आता ह्याला औषधपाणी नाय. व्हायरस आला तर कोण विचारणार नाय. आणि अकरा नंबर ह्याच्यावर चढत नाय.”

“का चढत नाय?”

“जुनं आहे ना.”

“पण चालतंय की.”

“चालतंय, पण जुनं आहे.”

“मी पण चालतेय आणि जुनी आहे. मला कुठं देतोस, मोंढ्याच्या भंगारात?”

राजकुमार हसला. बाई हसल्या नाहीत. लोकांचे आधार नंबर, बँकेची पासबुकं, सगळं ह्याच मशीनवरून जायचं, तेव्हा औषधपाण्याशिवाय चालवणं बरोबर नाही, एवढं त्यांना पटलं होतं. पटलं नव्हतं ते दुसरंच. कळा चालतात, पडदा चालतो, प्रिंटर चालतो, आणि सातासमुद्रापलीकडं कुणीतरी ठरवणार की हे मेलं? ह्यांच्या घरी मढं नाही आणि रडायचं आम्ही?

तेवढ्यात त्यांची नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गेली. तिथं कायम एक फिकट इंग्रजी ओळ असायची. “ही ओळ काय सांगती रे? पाच वर्षं बघतेय.”

“ती व्हय? ती ‘सक्रिय करा’ म्हणती. डुप्लिकेट असलं की येती.”

“डुप्लिकेट?”

“मावशी, ओरिजिनल कोण टाकतं? पुऱ्या गल्लीत बघा, सगळ्यांचं तेच आहे.”

बाईंनी ड्रॉवर उघडला. प्लास्टिकच्या पिशवीतून एक पावती काढून टेबलावर ठेवली. ‘विंडोज ओरिजिनल टाकून दिले.’ खाली राजकुमारचीच सही, वळणदार.

“फसवायचं तर फसवावं बाबा,” बाई म्हणाल्या, “पण पावती कशाला द्यायची? आं? लोकांना मी आयुष्यभर नियम सांगते. ह्या ओट्यावर बसून. आणि माझ्या मांडीखाली तू चोरीचा माल ठेवलास व्हय रे?”

“मावशी, तुम्ही लई मनावर घेता…”

“चल हो खाली. ओट्यावरून खाली हो आधी.”

त्या संध्याकाळी बाई घरी गेल्या त्या तणतणतच. शेजारी बुद्धभूषण राहतो. चाळिशी ओलांडलेला, एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये अटेंडंट. प्रोफेसर लोक चहा पितात तेव्हा लॅब हाच चालवतो, ही गोष्ट कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुठल्याच कागदावर नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“आक्का, आमच्याकडं तुमच्याहून म्हातारी चाळीस मशीनं आहेत. सगळी विंडोजऐवजी लिनक्सवर पळतात.”

“ते कुणाचं?”

“कुणाच्या बापाचं नाय. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय आणि सगळ्यांना खुलं ठेवलंय. वापरा, वाटा, उघडून बघा, बदला. चोरी नाय, परवानगी नाय, कोपऱ्यात ओळ नाय.”

“फुकट म्हणजे त्यात गोम असती.”

“फुकट म्हणू नका. खुलं म्हणा. आणि कुणाला त्यातून दूर ठेवता येत नाय, असं त्याच्या कागदातच लिहून ठेवलंय.”

बाई म्हणाल्या, “म्हणजे तळं आहे म्हण की. कुणीही यावं, ओंजळ भरावी.”

“व्हय. तसंच.”

“मग आण. आमच्या लोकांना तळ्याचं सांगावं लागत नाय.”

रविवारी दुकान बंद असताना ओट्यावर काम झालं. बुद्धभूषण पेनड्राइव्ह घेऊन आला तेव्हा बाईंनी आधीच ताकीद दिली, “तू हात लावायचा नाय. आणि तोंडही लई चालवायचं नाय. मी विचारीन तेवढंच सांगायचं. माझं मशीन आहे, मला कळलं पाहिजे.” बिचारा स्टुलावर, तारेच्या पायाला जपत, हाताची घडी घालून बसला.

बाईंनी आधी अडीच हजार अर्ज दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवले. मग नवी सिस्टीम चढवायला घेतली. डिस्कवरचं सगळं पुसायचं का, असं मशीननं विचारलं. बाईंनी दोनदा वाचलं, राजकुमारच्या दुकानाकडं एकदा बघितलं, आणि बटण दाबलं. पाऊण तासानं पडदा उजळला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा उजवा कोपरा बघितला. स्वच्छ होता. पदरानं चष्मा पुसून परत बघितला. “गेली रांड,” म्हणाल्या, आणि बुद्धभूषण असल्याचं लक्षात येऊन गप्प झाल्या.

मग रेमिंग्टनचा, म्हणजे टाइपरायटरवरच्या कळांच्या मांडणीचा, प्रश्न आला. बोटं त्याच मांडणीवर तयार झालेली, दुसरी मांडणी त्यांना चालणार नव्हती. “रेमिंग्टन नसलं तर हे तळं मला कोरडं,” असं त्यांनी जाहीर केलं. पण तीही मांडणी निघाली, यादीत पार खाली. बाईंनी ‘प्रति, मा. अधिकारी साहेब’ एवढं टाइप करून बघितलं. नीट उमटलं. दोन दिवस नवे अर्ज सुरळीत निघाले. मेनूंमधल्या मराठीला बाईंनी पोटभर नावं ठेवली, पण मशीन आधीपेक्षा चपळ झालं होतं.

जुना एकही अर्ज मात्र त्यांनी उघडून बघितला नाही. ही चूक फडक्याखाली शिकलेलं माणूसच करू जाणे. एकदा टाइप झालं की झालं, मागं वळून बघायचं नाही. टाइपरायटर भंगारात गेला म्हणून त्यावर टाइप केलेला कागद कधी कोरा होतो का? बाईंच्या हिशोबी फाइल म्हणजे कागदच होता.

मंगळवारी सखारामभाऊ आले. गुलमंडीत कापडाच्या दुकानांच्या मधल्या बोळात बसून कुलपं आणि छत्र्या दुरुस्त करणारे हे गृहस्थ. साठी उलटली, एक पाय आखडलेला. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी महापालिकेकडं बसायला हक्काची जागा मागितली होती. अर्ज बाईंनीच टाइप केला होता. आता कुठं जागा वाटपाची यादी निघणार होती, ज्याचा अर्ज आधी त्याला जागा आधी. आणि कार्यालय म्हणत होतं, तुमच्या नावाची नोंदच नाही.

“पोच आहे ना?” बाईंनी विचारलं.

“पोच आहे की. लॅमिनेशन केलंय. पण ते म्हणतात, पोच कशाची ते कसं कळणार? अर्जाची प्रत आणा, मग संचिका परत बांधू. माझी प्रत वाळवीनं खाल्ली, बाई. गुरुवारी अकरापर्यंत प्रत नाय दिली तर नवा अर्ज करा म्हणतात. नव्या अर्जानं मी यादीत पार शेवटी. तवर मी असतो का नसतो.”

“बसा भाऊ. आत्ता काढते,” बाई म्हणाल्या आणि फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होता. शब्द नव्हते. नुसती अक्षरं, मधे कंस, टिंबं, काहीबाही. बाईंनी दुसरी फाइल उघडली. तिसरी उघडली. दहावी उघडली. सगळीकडं तोच चिवडा.

सखारामभाऊंनी लॅमिनेशन केलेली पोच टेबलावरून उचलली आणि खिशात ठेवली, इतकंच.

नेमका राजकुमार झेरॉक्सला आला होता. त्यानं मान लांब करून बघितलं. “काय मावशी, लावली वाट? तरी म्हणलं होतं. हे इंजिनेर लोकांचं काम असतं. तुमच्यासारख्यांनी…”

“माझ्यासारख्यांनी काय?”

राजकुमार चपापला.

“बोल ना. माझ्यासारख्यांनी काय करायचं नाय? पूर्ण बोल. टाइप करून घेते.”

तो झेरॉक्स न घेताच गेला. पण बाईंचा राग त्याच्यावर नव्हता, खरं तर. अडीच हजार माणसांनी आपला कागद ह्या ओट्यावर विश्वासानं ठेवला होता, आणि आपण ताठ्यात बटण दाबलं. कार्यालय कागद हरवतं म्हणून आयुष्यभर शिव्या दिल्या, आणि शेवटी आपणही कार्यालयच निघालो!

“भाऊ, उद्या चारला या,” त्या म्हणाल्या.

सखारामभाऊ गेल्यावर बाई नुसत्या पडद्याकडं बघत बसल्या. एक फाइल मिटायची, दुसरी उघडायची. आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक फाइलची सुरुवात एकच आहे. आय, झेड, एफ, आर. वीज मीटरचा अर्ज असो की नाव दुरुस्तीचा, पहिली चार अक्षरं तीच.

प्रत्येक अर्जाची सुरुवात काय असते?

बाईंनी चष्मा काढला. डोळे मिटले. उजवं मधलं बोट वरच्या ओळीत, डावी करंगळी खालच्या ओळीत, डावी तर्जनी जागच्या जागी, मग तीच एक घर वर. हात मांडीवर होते, कळांवर नव्हतेच. पण बोटं बोलली.

प्रति.

बाई ताडकन उभ्या राहिल्या, धक्क्यानं गिऱ्हाइकाचं स्टूल कलंडलं. अर्ज पुसले गेलेच नव्हते! पडद्यावर दिसत होत्या त्या त्यांच्याच बोटांच्या कळा. अकरा वर्षांपूर्वी जी जी कळ दाबली ती ओळीनं उभी होती, फक्त तिच्या अंगावरचा मराठी सदरा गेला होता.

मग त्या बसल्या. पडद्यावर डोळे, कळांवर बोटं. इंग्रजीचा ई दिसला की म ची कळ, जे दिसला की र ची. अर्थ लावायचा नाही, नुसतं दिसेल ते दाबायचं. बाजूच्या कोऱ्या पानावर आपोआप मराठी उमटायला लागलं. एल, चौकोनी कंस, दोन के, जे, पुन्हा के आणि ई. बघतात तर, सखाराम! काही जोडाक्षरं आडवी आली, तिथं बाईंनी बोटांना विचारलं. दीड पानाचा अर्ज, तळाशी बारीक आवक क्रमांकासकट, पाऊण तासात परत उभा राहिला.

बुधवारी चारला सखारामभाऊंच्या हातात प्रत पडली. त्यांनी ती वाचली नाही, नुसती हुंगली. “हीच आहे,” म्हणाले.

गुरुवारी बाई टेबलावर फडकं टाकून त्यांच्याबरोबर कार्यालयात गेल्या. साहेबांनी प्रत बोटांच्या चिमटीत धरली.

“ही तर कालची प्रिंट आहे, बाई.”

“प्रिंट कालची, अर्ज तेव्हाचा. खाली तुमचाच आवक नंबर आहे. पोचेशी लावून बघा.”

“नंबर कुणीही टाइप करील. आमच्याकडं नोंद पाहिजे ना. त्या वर्षाची आवक यादी कॉम्प्युटरवर होती, पण ती फाइल खराब झालीय. नवीन मशीनं आली तेव्हापासून उघडत नाही. आता आम्ही तरी काय करणार?”

“बघू खराब कशी आहे ती.”

साहेबांनी मंजुषा मॅडमकडं बघितलं. ह्या तिथल्या क्लार्क, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या. मॅडमनी यादी उघडली आणि पडदा बाईंकडं वळवला. “बघा ना. असं येतं. काही कळतच नाही.”

इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कंस. टिंबं.

मुक्ताबाईंनी साहेबांच्या टेबलाच्या काचेवर दोन्ही हात ठेवले, बोटं उघडली, आणि काचेवर टाइप करायला सुरुवात केली. टक, टक, टक. पडद्याकडं बघत, खाली न बघता.

“आवक नोंदवही,” त्या म्हणाल्या. “अनुक्रमांक, अर्जदाराचे नाव, विषय. मॅडम, खाली घ्या. अजून. थांबा. ही ओळ. ‘सखाराम,’ पुढं वडलांचं नाव. विषय, ‘व्यवसायासाठी जागा मिळणेबाबत.’ सोबत, ‘तीन कागद.’ आकडे तर तुम्हालाही दिसतात. आता पोचेवरचा नंबर वाचा.”

मंजुषा मॅडमनी पोच घेतली. नंबर वाचला. पडद्यावर बघितलं. “साहेब… जुळतोय.”

“हे अधिकृत कसं मानायचं?” साहेब म्हणाले.

“नका मानू! मी वाचते, तुम्ही एकेक ओळ ज्याच्या त्याच्या पोचेशी ताडून बघा. मॅडम, ही यादी किती ओळींची आहे?”

“दोनशे बारा.”

“दोनशे बारा,” बाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. “दोनशे बारा माणसांना तुम्ही सांगताय की तुमची नोंदच नाय. म्हाताऱ्यांना, लंगड्यांना सांगताय, परत जा, नवा अर्ज करा, शेवटी उभे राहा. आणि नोंद कुठं आहे? तुमच्या टेबलावर! तुमच्या डोळ्यासमोर! फाइल खराब नाय साहेब. फाइल धडधाकट आहे. तुम्हाला वाचता येत नाय, आणि ते कबूल करायची लाज वाटती, म्हणून तुम्ही माणसाला खोटं ठरवता. मलाही परवा वाचता आली नव्हती. पण मी सखारामभाऊला म्हणले नाय की तू अर्जच केला नव्हतास.”

मंजुषा मॅडमनी वही ओढली आणि पेन उघडलं. “तुम्ही सांगा बाई. मी लिहिते.”

सखारामभाऊंची संचिका त्या दिवशी परत बांधली गेली, जुन्याच तारखेनं. जागा अजून मिळायची आहे, यादी लागायची आहे. पण यादीत ते आपल्या नंबरवर आहेत.

संध्याकाळी बाईंनी बुद्धभूषणला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी डोकं खाजवत म्हणाला, “आक्का, ते अर्ज जुन्या मराठी फॉन्टातले, आणि तो फॉन्ट डिस्कबरोबर पुसला गेला. फॉन्टची फाइल वेगळी असती. माझ्याकडं आहे. टाकली की सगळे अर्ज दिसतील. दोन मिनिटांचं काम.”

“दोन मिनिटांचं?”

“व्हय.”

“मग रविवारी का नाय बोललास रे भाड्या?”

“तुम्हीच म्हणला होतात, तोंड चालवायचं नाय.”

बाईंनी पेनड्राइव्हसाठी हात पुढं केला. फॉन्ट टाकला, दोन मिनिटंही लागली नाहीत, अडीच हजार माणसं आपापल्या नावानिशी परत आली. फॉन्टची एक प्रत बाईंनी मंजुषा मॅडमसाठी पेनड्राइव्हवर घेतली.

शनिवारी राजकुमार ओट्याच्या पायरीशी उभा राहिला, वर चढला नाही. पुंडलिकनगरच्या एका गिऱ्हाइकाचं जुनं मशीन होतं, अकरा नंबर चढत नव्हता. “मावशी, तो पेनड्राइव्ह जरा…”

“घे की. खुलं आहे ते, तुलाही आहे,” बाई म्हणाल्या. “पण पावतीवर काय लिहिणार, ते आधी मला दाखवून जा.”

सोमवारी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, बाईंनी एक अर्ज टाइप केला. जुन्या यादीतल्या उरलेल्या दोनशे अकरा जणांना कार्यालयानं घरपोच पत्र पाठवून कळवावं की त्यांची नोंद सापडली आहे, आणि नोंद नाही असं खोटं सांगितल्याबद्दल त्यात दोन ओळी खेदाच्या लिहाव्यात. अर्जदार म्हणून नाव टाकताना बोटं क्षणभर अडली. इतक्या वर्षांत हे नाव त्या जागी कधी आलंच नव्हतं. मग टाइप झालं, मुक्ताबाई हिवराळे.

दुपारी पोच घेऊन त्या परत आल्या. फाइल उघडली, तळाशी बारीक अक्षरात आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली, मिटली.

आणि मग, मास्तरांची पट्टी आठवत, ती फाइल पुन्हा उघडून बघितली.